दुमडलेली कड

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे. बागेतल्या वेताच्या खुर्चीत एक बाई बसली आहे, मांडीवर अर्धवट विणलेला मोजा आहे आणि ती तुमच्याकडे न बघता खाली, डाव्या कडेकडे बघते आहे.

मला तिच्या नवऱ्याने रंगवले. तो शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने ‘हलू नकोस’ म्हटले, की ती हटकून हलायची. म्हणून तिचा एक हात जरा बिघडलाच आहे.

त्याच वर्षी ती आजारी पडून गेली. मला चौकट बसली ती त्यानंतर. मी भिंतीवर गेलो, पण चित्रकाराला माझ्याकडे मान वर करून बघवेना. बघणारे बाकीचे मात्र पुष्कळ होते, आणि जो तो अर्थ लावायचा. शेजारी म्हणाले, ही कुणाची तरी वाट पाहतेय. चित्रकाराची बहीण म्हणाली, "हिचं घरात मनच नव्हतं."

आत्याचे हे बोलणे चित्रातल्या बाईच्या, एव्हाना सात वर्षांच्या झालेल्या लेकीने, ठकीने, ऐकले. मग ती स्टुलावर चढून, इकडे-तिकडे सरकून आईची नजर आपल्यावर पडते का बघायची. नजर कधीच पडली नाही. माझा जीव तुटायचा, पण चित्राला बोलता कुठे येते? मोठेपणी ठकीने मला कपाटामागे ठेवून दिले.

तिथे माझ्या चौकटीला वाळवी लागली. केस पिकलेली ठकी मला फ्रेमवाल्याकडे घेऊन गेली. नवी चौकट घालून मला कुणाला तरी देऊन टाकायचे तिने ठरवले होते. फ्रेमवाल्याने खिळे उपटले आणि थबकला. पहिल्या कारागिराने तयार चौकटीत बसावे म्हणून माझी डावी कड चक्क मागे दुमडली होती.

"बाई, इथं अजून चित्र आहे," तो म्हणाला. "एक पोरगी बसलीय. माती खातेय."

ठकी वाकली. आईच्या नजरेपासून त्या पोरीपर्यंत तिने बोट नेले. मग म्हणाली, "म्हणजे ती माझ्याकडेच बघत होती." आणि तिथेच रडू लागली.

मित्रांनो, आम्हाला ओल्या फडक्याने पुसू नका, आणि चौकट लहान पडली तर चौकट बदला, आम्हाला दुमडू नका.

आता मी ठकीच्या बैठकीत आहे, अख्खा. पाहुणे अर्थ लावायला लागले, की ती त्यांना मध्येच थांबवते आणि मोठ्या तोऱ्यात सांगते, "ही माझी आई. माझ्यावर रागावलीय."