पोळ्याची झडती जामच्या बाजारात

चिंधूच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. हिंगणघाटच्या हिरालाल शेठनं त्याला दुकानात ठेवलं तेच मुळी त्या तोंडासाठी. त्याआधी तो जिनिंगमध्ये होता. कापसाची भुकटी छातीत जाऊन त्याला असा खोकला लागला होता, की बायको शकुबाई त्याची पाठ चोळून चोळून थकायची. दुकानात आल्यापासून खोकला पळाला. काम एकच होतं. पाठीवर फवारणीचा पंप बांधायचा, गावोगाव आणि बाजारोबाजार फिरायचं, लोकांना हसवायचं आणि पंप विकायचा.

आता हसवणं वेगळं आणि विकणं वेगळं, हे कुणी सांगावं या शहाण्याला? लोक गोळा व्हायचे, हसून हसून पोट धरायचे आणि मग धोतर झटकून मिरच्या घ्यायला निघून जायचे. अठ्ठ्याहत्तर साली पावसाळा अर्धा सरला तरी दहा पंप दुकानात धूळ खात पडले होते. हिरालाल शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्यानं काही धर्मशाळा उघडली नव्हती. त्यानं चिंधूला पोळ्यानंतरचे दोन बाजार दिले. तेवढ्यात निदान पाच पंप गेले तर राहायचं, नाहीतर दिवाळीला जिनिंग सुरू होईल तेव्हा तिकडे तोंड करायचं. शकुबाईला हे कळलं तेव्हा तिनं हातातला घास ताटात ठेवला आणि त्याच्या छातीवर हात ठेवला.

मग पोळा आला. चिंधूचं गाव जामपासून दोन कोसांवर. वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याखाली सजवलेले बैल ओळीनं उभे, आणि झडत्या सुरू झालेल्या. झडती म्हणजे दोन ओळींची तुकबंदी. कुणीही कुणाचीही टोपी उडवावी आणि ज्याची उडाली त्यानंच सगळ्यांत आधी हसावं. त्या दिवशी राग धरायचा नाही, असा गावाचा कायदाच. चिंधूनं गावातले मोठे शेतकरी महादेवराव धरले आणि खडा आवाज लावला:

"अळ्या बसल्या पंगतीले महादेवरावाच्या वावरात,
पोळी नाई, वरण नाई, बोंडं वाढा ताटात!"

गाव लोटपोट झालं. महादेवरावांनी तर डोळे पुसले. खरं म्हणजे त्यांच्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळी नावालाच होती. पण ते साऱ्या गावाला माहीत होतं, म्हणून तर हसू आलं. त्यांनी चिंधूच्या पाठीत थाप मारली आणि पंप घेऊन घरी यायला सांगितलं.

झालं! गडी चेकाळला. तिसऱ्या दिवशी जामच्या बाजारात उभा राहून, पंपाच्या टाकीवर ताल धरून, त्यानं तीच झडती म्हटली, आणि तीही नावासकट. जामचा बाजार म्हणजे हमरस्त्याचा बाजार, कुठकुठली माणसं तिथं. तोरणाखाली जी मस्करी असते ती परक्या माणसांत बदनामी होते, एवढी साधी गोष्ट या बोलघेवड्याच्या डोक्यात शिरली नाही. लोक हसले आणि त्या दिवशी चक्क तीन पंप गेले. शेठनं चहा मागवला. चिंधूला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

दुसऱ्या दिवशी तो पंप घेऊन महादेवरावांकडे गेला. त्यांच्या बायकोनं, देवकाबाईंनी, पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या घरात बांगड्या विकणारीलाही आधी पाणी मिळायचं. महादेवराव छपरीत बसले होते.

"पोळ्याले तू मले हजारदा हसजो," ते म्हणाले. "पन त्या बाजारात आमच्या अन्नपूर्णेचे होनारे सासरे उभे होते. त्यायनं निरोप धाडला, वावर बुडालं तर लगन कशानं करान? आता कोनाकोनाले वावर दाखवत फिरू मी?"

त्यांच्या लेकीची सुपारी पंधरा दिवसांवर आली होती. चिंधूनं पंप उचलला आणि तो मान खाली घालून घरी आला. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली.

उपाय एकच होता, तो त्याला दिसतही होता. भर बाजारात उभं राहून सांगायचं, की ते खोटं होतं. पण उरला होता एकच बाजार आणि अजून दोन पंप जायचे होते. आपणच आपल्या जिभेला खोटं म्हटलं, तर त्याच जिभेनं सांगितलेला पंप घेईल कोण? हे सगळं त्यानं शकुबाईपुढे ओतलं.

"तुमचा खोकला मी निभावून नेईन," ती म्हणाली. "त्या पोरीचं कोन निभावन?"

पुढच्या बाजारी चिंधू त्याच जागी उभा राहिला. लोक आधीच दात काढून तयार होते.

"मांगच्या बाजारात मी महादेवरावाच्या वावराची झडती म्हनली," तो म्हणाला. "ते झूट होतं. त्यायची पऱ्हाटी कमरेएवढी हाय आन् बोंडानं लदली हाय. पोळ्याची मस्करी मी इथं विकाले आनली. चुकी माही हाय."

एकदोघे हसले आणि पुढं काहीतरी गंमत येईल म्हणून थांबले. तानबा नावाचा एक म्हातारा शेतकरी पुढे सरकला.

"मंग पंपाचंबी झूटच सांगून राह्यला होता का?"

चिंधूनं पंप खाली ठेवून उघडला. वायसर, म्हणजे आतली रबरी चकती, एका हंगामात जातं, दुसरं जवळ ठेवावं लागतं, हे त्यानं सांगितलं. पट्टा खांद्याला काचतो, हेही सांगितलं. बोंडात शिरलेली अळी यानं मरत नाही. पानावर आहे तोवर वेळेवर फवारलं तरच उपयोग. तानबानं झाकण फिरवून पाहिलं, दट्ट्या ओढून पाहिला आणि दोन वायसरं मागून घेऊन पंप उचलला. बाकीचे पांगायला लागले.

तेवढ्यात गर्दीमागून महादेवराव पुढे आले. सोबत त्यांचे होणारे व्याही सदाशिवराव होते. महादेवराव खाली वाकले, त्यांनी दुसरा पंप उचलला आणि पाठीवर चढवला. ज्यांचं ओझं आजवर गड्यानं वाहिलं, ते भर बाजारात पंप बांधून चार पावलं चालले.

"पट्टा खरंच काचते," ते म्हणाले. "हा मी घेतला."

सदाशिवरावांनी तिथंच त्यांना विचारलं, सुपारी ठरल्यापेक्षा चार दिवस आधी फोडली तर चालेल का. महादेवरावांनी मान डोलावली आणि ते चिंधूकडे वळले.

"आता हसव लेका. लोक हसाले आले हायेत."

चिंधूनं तोंड उघडलं, आणि त्याला रडू आलं.