चावलेली कॅसेट

"माझा कोबी गेला," सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या.

मी माझ्या लेकीच्या, ढब्बूच्या, तोंडात कुस्करलेल्या केळ्याचा चमचा घालण्याच्या खटपटीत होते. "जाईल कुठे? फ्रीजमध्ये खालच्या खणात आहे, आई."

"तो नाही गं, माझा! टोमॅटो गेले, विहिरीजवळचं कुंपण गेलं, गाय गेली. घर होतं तिथे नुसतं गवत उगवलंय."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. आमची शेती म्हणजे गॅलरीतली एक कोरफड, तीही मरणाला टेकलेली. तरी मला सगळं कळलं.

झालं होतं असं. सासूबाई बाथरूममध्ये घसरून उजवं मनगट मोडून बसल्या होत्या. प्लास्टर निघालं, पण अंगठा लाकडासारखा ताठ राहिला. फिजिओ बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. "मी काय सर्कशीत आहे?" असं म्हणत सासूबाईंनी तो ढब्बूला देऊन टाकला, आणि ढब्बूने तो इमानेइतबारे चघळला. अंगठा वळेना. त्याहून वाईट म्हणजे त्या ढब्बूला उचलून घेईनात. जवळ बसायच्या, गाणी म्हणायच्या, पण हात मांडीवरच. मी पुढे केली की मागे सरकायच्या. "नको गं. सांडली तर?" दुधाच्या पातेल्याबद्दल बोलावं तसं त्या नातीबद्दल बोलायच्या, आणि मला त्यावर हसूही यायचं.

मग माझ्या नवऱ्याने माळ्यावरून त्याचा लहानपणीचा, हातात धरायचा व्हिडिओ गेम काढला. बटणं सगळी अंगठ्यानेच दाबायची. एका दुकानातून त्याने शेतीच्या खेळाची जुनी कॅसेटही आणली. आधी सासूबाईंनी नाक मुरडलं. आठवडा उलटायच्या आत जेवायला हाक मारली की "आले, एवढं पाणी घालून" असं उत्तर यायला लागलं. अंगठा कुरकुरत का होईना, वाकायला लागला. आणि आता एका सकाळी सगळं शेत पुसलं गेलं होतं.

संध्याकाळी नवरा घरी आला. त्याने कॅसेट काढली, तिच्यावर फुंकर मारली, परत घातली. तिसऱ्यांदा फुंकल्यावर सासूबाई म्हणाल्या, "जखम आहे का ती?"

शेवटी त्याने ऑफिसातल्या मित्राला फोन लावला. या मित्राला जुने गेम जमवायचा नाद होता. त्याने फोनवरूनच तपासणी घेतली. पाठीमागचा स्क्रू कसा आहे? साधा, अधिकच्या चिन्हाचा? खऱ्याला तीन पाकळ्यांचा असतो. चित्राच्या कागदावर नख फिरव, आकडा दाबून उठवलेला लागतो का? नाही? चित्र जरा धुरकट आहे का, झेरॉक्सवरून झेरॉक्स काढल्यासारखं? आहे? मग मित्रा, नकली आहे. नकलीत खेळ चालतो, पण आठवण टिकत नाही. कधी पुसेल सांगता येत नाही.

"पण दुकानदार म्हणाला होता ओरिजिनल आहे," नवरा म्हणाला.

"मग काय म्हणणार होता, खोटी आहे, घेऊन जा?" मी विचारलं.

"लहानपणीही असाच होता," सासूबाई मला म्हणाल्या. "दूधवाला म्हणाला पाणी नाही घातलं, की याला पटलं."

"आई, मी दुसरी आणतो."

"नको. एकदा घर बुडालं तेवढं पुरे. परत नांगरणीपासून सुरुवात करायचं वय नाही माझं."

त्यांनी गेम कपाटात ठेवला आणि वर एक टॉवेल टाकला. पुढचे काही दिवस उजवा हात मांडीवर, डावा हात त्याच्यावर. मी चेंडू धुऊन आणला तर म्हणाल्या, "त्याला तिच्या लाळेचा वास येतो." फिजिओ बाई येऊन अंगठा वाकवून गेल्या आणि दारात मला हळूच म्हणाल्या, "आत्ता हलवला नाही तर असाच राहील हं. मग मी काही करू शकणार नाही."

सासूबाईंना समजावणं म्हणजे भिंतीला तेल लावणं. पण या बाईची एक दुखरी नस मला ठाऊक आहे. आपल्या घरातलं माणूस फसवलं जातंय, हे त्यांना बघवत नाही.

"आई, ढब्बूला जरा बघाल का खाली बसून? मी त्याच दुकानात जाऊन येते," मी म्हणाले. "तो म्हणतोय एक कॅसेट आहे, वीस वर्षं जुनी पण एकदम नवीकोरी."

"वीस वर्षं जुनी आणि नवीकोरी?"

"हो. मला तर बरी वाटतेय."

त्या तटकन उठल्या. मग म्हणाल्या, "माझी चप्पल कुठे आहे?"

दुकान म्हणजे जिन्याखालची बोळकंडी. रिमोट, इस्त्र्या, वायरींची भेंडोळी, आणि मध्ये एका स्टुलावर मालक. त्याला आम्ही घरात 'ओरिजिनल' म्हणायचो, कारण तो श्वासासारखा तो शब्द घ्यायचा आणि सोडायचा.

"या वहिनी, या मावशी! ही बघा. ओरिजिनल. हात लावून बघा."

ढब्बूला मी कडेवर सांभाळत होते. सासूबाईंनी डाव्या हाताने कॅसेट घेतली, उजेडाकडे धरली, नाकाशी नेली.

"मावशी, वास काय घेताय?"

"वीस वर्षं कुठे होती ही?"

"एका घरात. मुलं खेळायची. अगदी जपून वापरलेली."

"मुलं होती की पुतळे?" सासूबाई म्हणाल्या. "वीस वर्षं पोरांच्या हातात राहिली आणि एक ओरखडा नाही? माझ्या घरात भिंतीला टवके उडाले होते. या माझ्या नातीच्या हातात दोन मिनिटं द्या, मग बघा जपून वापरणं."

मी मागचा स्क्रू बघितला. अधिकचं चिन्ह. कागदावर नख फिरवलं. गुळगुळीत, लोण्यासारखा. मी मान हलवली.

"वहिनी, स्क्रूचं काय एवढं? मी बदलला असेल साफ करताना."

"आणि आकडा? तोही साफ केलात?" मी म्हणाले. माझ्या आवाजाला एवढी धार आली की ढब्बूही चमकून बघायला लागली. बाळाला अंगावर पाजणारी बाई भांडायला उभी राहिली की तिच्या अंगात काहीतरी संचारतं, असं माझं निरीक्षण आहे.

ओरिजिनलने दुसरी काढली, तिसरी काढली. सगळ्या चकचकीत, सगळ्यांची चित्रं धुरकट. सासूबाई एकेक बाजूला सारत होत्या, बाजारात वरची मांडलेली भाजी सारतात तशा. "वरची नको. खालची दाखव."

"खालच्या भंगार आहेत, मावशी. तुम्हाला शोभणार नाहीत."

"मला कुठे अंगावर घालायच्या आहेत? काढ."

पुठ्ठ्याचं एक खोकं बाहेर आलं. त्यात तुटके हेडफोन, पट्ट्याविना घड्याळं, आणि तळाशी एक काळपट कॅसेट. चित्राचा एक कोपरा सोललेला, पाठीवर जांभळ्या स्केचपेनने काढलेला वाकडातिकडा सूर्य, आणि एका कडेला खाचांची अर्धगोल रांग.

सासूबाईंनी त्या खाचांवरून बोट फिरवलं. ढब्बू पुढे झेपावली आणि दोघींनी मिळून तिला आवरेपर्यंत तिने कॅसेटची ती कड तोंडात घातलीसुद्धा. मी ओढून काढली, पदराला पुसली. लाळेच्या खुणा बरोबर त्या जुन्या खाचांशेजारी उमटल्या होत्या.

"ही पोराने चावलेली आहे," सासूबाई म्हणाल्या. "पुढचे दोन दात नुकते आलेले असणार. असले दात कारखान्यात बनत नाहीत."

स्क्रू तीन पाकळ्यांचा होता. नखाला आकडा लागला, दोन अंकांचा, जेमतेम. मी लावून बघायला सांगितली. ओरिजिनलने नाखुशीने मशीनमध्ये घातली. सूर वाजला, चित्र आलं, आणि दोन पर्याय आले: नवा खेळ, चालू खेळ.

त्याने चालू खेळ दाबला. समोर एक अख्खं शेत उभं राहिलं. भोपळे, कोंबड्या, लाल छपराचं घर, उघडं पडलेलं कोठाराचं दार. कुणाचं तरी, कधीचं तरी, खोक्याच्या तळाशी पडलेलं, तरी जागच्या जागी.

"टिकलंय," मी पुटपुटले.

ओरिजिनलच्या डोळ्यांत चमक आली. "म्हणजे अस्सल निघाली! मग वहिनी, हिचा भाव जरा…"

"आत्ता भंगार होती ना?" सासूबाई म्हणाल्या. "वर चावलेली. उष्टी वस्तू विकतोस आणि भाव वाढवतोस?"

भंगाराच्या भावातच मिळाली. पिशवीत घालताना तो सलगीने म्हणाला, "थांबा, जुनं पुसून कोरी करून देतो."

"हात लावायचा नाही!" सासूबाई अशा कडाडल्या की त्याने दोन्ही हात वर केले.

घरी आल्यावर मात्र नवीनच पेच. या खेळात शेत एकच ठेवता येतं. स्वतःचं सुरू करायचं तर आधीचं पुसावं लागतं.

"आई, नवा खेळ दाब, संपलं," नवरा म्हणाला.

"कुणाचं घर मोडून?"

"अगं, तो पोरगा आता बाप झाला असेल. त्याला आठवतही नसेल."

"तुझ्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत. तुला तरी कुठे आठवतात? म्हणून टाकू का?"

सासूबाईंनी कॅसेट गेममध्ये तशीच राहू दिली आणि गेम टीव्हीवर ठेवून दिला. मांडी, उजवा हात, डावा हात. म्हणजे अस्सल माल आणूनही आम्ही होतो तिथेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढब्बू झोपली, तेव्हा मी गेम घेऊन सासूबाईंच्या शेजारी बसले. चालू खेळ दाबला. मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. मी गेले ती थेट भोपळ्यांतून चालत. मग पाण्याची झारी घेऊन विहिरीलाच पाणी घातलं.

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मग तिरक्या नजरेने इकडे.

मी कोंबडी उचलली आणि ती कुठे ठेवावी कळेना म्हणून कुंपणाबाहेर ठेवली.

"अगं, कोल्हा नेईल तिला!"

"कुठे ठेवू मग?"

"खुराड्यात! नाही, ते खुराडं नाही, तो पत्रपेटीचा खांब आहे. अगं, काय करतेस! परक्याच्या घरात असं वागतात? आण इकडे."

त्यांनी माझ्या हातातून गेम ओढून घेतला. दोन्ही हातांनी. मी उठले आणि कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले. तिथे सगळे घालून झाल्यावर एकदा काढून परत घातले.

त्यानंतर त्या घराचा कारभार सासूबाईंनी हातात घेतला, आणि नवी सून सासरचं स्वयंपाकघर बघते तसं प्रत्येक गोष्टीला नावं ठेवत घेतला. "भोपळे किती दाटीवाटीने लावलेत. या पोराला दार लावायची शिस्त नाही. पैसे सगळे टोप्यांवर उडवलेत, चार टोप्या आणि बैलाला गोठा नाही." गायीचं नाव त्या मुलाने 'ताई' ठेवलेलं होतं. सासूबाई गालात हसल्या. "धाकटा आहे. थोरलीला चिडवायला ठेवलंय."

नवऱ्याने एकदा विचारलं, "आई, मला पाच मिनिटं देतेस?"

"तू विश्वासू नाहीस. तुला कुणीही काहीही विकतं."

फिजिओ बाई आल्या त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना चक्क बसवून ठेवलं. "जरा थांबा. ताईला कळा सुरू झाल्यात."

फिजिओ बाईंनी घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गाय आहे."

"कुठे?"

मी बोट दाखवलं. बाई बसल्या. मी चहा टाकायला वळले. ढब्बूला नुकतंच रांगता यायला लागलं होतं, आणि फिजिओ बाईंच्या पिशवीतून एक लांबलचक रबरी पट्टा लोंबत होता. मला दिसलं तोवर पट्ट्याचं टोक तिच्या तोंडात गेलेलं आणि वरची पिशवी, आतल्या वजनांसकट, स्टुलाच्या कडेला घसरत आलेली.

मी ओरडले, पण ओरडण्याआधीच सासूबाई उठलेल्या होत्या. गेम सोफ्यावरून घरंगळून खाली आपटला, आणि ढब्बू त्यांच्या छातीशी होती, काखेत दोन्ही हात घालून, घट्ट. पिशवी धाडकन पडली. ढब्बूने तोंडातला पट्टा सोडला आणि आजीचा कान धरला.

"लक्ष कुठे असतं तुझं?" सासूबाई मला म्हणाल्या. मग फिजिओ बाईंना, "आणि तुमचंही!"

फिजिओ बाई त्या अंगठ्याकडेच बघत होत्या. मी बघितलं नाही. डोळ्यात काहीतरी गेलं होतं, म्हणून मी गेम उचलायला खाली वाकले. पडदा काळा होता.

"सेव्ह केलं होतं का हो, आई?"

"वासरू झालं होतं गं आत्ताच. नाव ठेवायचं राहिलं."

मी चालू केला. शेत होतं. ताई होती, फुगलेल्या पोटाने उभी. वासरू नव्हतं.

"गेलं," मी म्हणाले. "परत खेळातल्या सकाळपासून करावं लागेल. घ्या, मी ढब्बूला घेते."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या आणि ढब्बूला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "ताई आहे ना जागेवर? मग होईल परत. तू तोवर भोपळ्यांना पाणी घाल. आणि हे बघ, विहिरीला नको."