रुसैलची आकाशबंती

सण म्हटला की आधी जेवणाचा बेत, अशा घरात वाढलेला शांताराम. पण परदेशात एकाच खोलीत राहणाऱ्या आसामी दिगंतचा काती बिहू त्याला पहिल्याच वर्षी भावला. वैशाखातला बिहू नाचाचा आणि माघातला मेजवानीचा, हे कुणालाही उमजेल. पण कणगी तळाला गेलेली, भात अजून शेतात हिरवं, अशा ओढगस्तीच्या दिवसांचाही या आसामी माणसांनी सण करावा, गाजावाजा न करता तुळशीपाशी आणि शेताच्या बांधावर दिवे लावावेत आणि गेलेल्यांना वाट दिसावी म्हणून उंच बांबूवर आकाशबंती, म्हणजे आकाशदिवा, चढवावी, याचं त्याला मनापासून कौतुक वाटे. दारिद्र्यालाही ओवाळणारी माणसं ही, तो म्हणे.

ओमानमधल्या रुसैलच्या कामगार कॅम्पात बांबू कुठला? शांताराम हाडाचा वेल्डर. यंदा त्याने जुन्या पाइपाला कप्पी आणि लोखंडी वाटी जोडून दिली, दिगंतने मोहरीचं तेल ओतलं आणि दिवेलागणीला दोघांनी गच्चीवरून दिवा वर ओढला. तो चढत असताना शांताराम पुटपुटला, "लीला, हंय ये गो."

लीला, त्याची बायको, गेली तेव्हा त्याला वेळेत पोचता आलं नव्हतं, ती सल मनातून जात नव्हती. वेंगुर्ल्याच्या घरात मुलगी शिवांगी आत्याबरोबर राहत होती. आईच्या केसांतल्या सुरंगीचा वास स्वयंपाकघरात रोज येतो, असं ती फोनवर सांगे. सुरंगी फुलते फाल्गुनात, वास मात्र बारमाही. त्या वासाच्या भरवशावरच पोरगी चार घास खायची.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतून शांतारामने खोलीचं दार उघडलं, तर आत सुरंगी दरवळत होती. तो खाटेवर बसला आणि आनंदाने रडला. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, आवशीचो वास कालपासून येनाच नाय," शिवांगीचा आवाज कापत होता. "ती खंय गेली?"

फोन ठेवून तो दिगंतकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

दिगंतचा चेहरा उतरला. "आपने बुलाया, दादा? हम तो बुलाते नहीं. सिर्फ उजाला दिखाते हैं."

"वापस कैसे भेजूँ?"

"मालूम नहीं. आज तक किसी ने बुलाया ही नहीं."

शांताराम गच्चीवर धावला. वाळवंटाकडून वारा सुटला होता, दोरीवरचे कपडे फडफडत होते. लेकीचा विचार करत, डोळे पुसत त्याने कालपासून तेवणारा दिवा विझवायला खाली घेतला.

"लीला, घरा जा. पोर जेवली नाय," म्हणत त्याने जीव एकवटून फुंकर घातली. मग पुन्हा घातली.

ज्योत हलली नाही. फक्त त्याची फुंकर, कुणाच्या तरी ओंजळीवर आपटावी तशी, ऊन होऊन त्याच्याच तोंडावर परत आली. तिला सुरंगीचा वास होता.