डॅशबोर्डवरचं फूल

तुआलांच्या गाडीला काय झालंय, याबद्दल आमच्या बेटावरच्या लोतोफागा गावात अकरा मतं होती. मी मोजली आहेत. माझ्या दुकानाच्या जाळीसमोरून जाणारा माणूस साबण घेवो न घेवो, मत देऊन जातो. पाद्रीबाबांच्या मते पेट्रोलमध्ये पाणी. महिला समितीच्या अध्यक्षांच्या मते समुद्राची खारी हवा. बसवाला म्हणाला, गिअरबॉक्स गेला. आणि हे सांगताना त्यानं चेहरा जरा जास्तच दुःखी केला, कारण गाडी कायमची बसली तर त्याला दोन उतारू वाढणार होते. अकरांपैकी एकानंही बॉनेट उघडलं नव्हतं.

गाडी जुनी, करड्या रंगाची, जपानात कुणीतरी वापरून टाकलेली, ऑटोमॅटिक. चालू केली की आतून एक जपानी बाई गोड आवाजात काहीतरी म्हणते. काय म्हणते ते कुणाला कळत नाही, पण तुआला तिला रोज रीतसर नमस्कार करतात. त्यांची धाकटी सून सिएनी आठवड्यातून तीन दिवस त्यांना ले माफाच्या खिंडीतून आपियाला, म्हणजे शहरात, डायलिसिसला नेते. गेले तीन आठवडे ही गाडी जागची हलताना कुंथायला लागली होती. सपाटीवर एकदा वेग धरला की ठीक, चढावर थांबली की संपलं. बुधवारी खिंडीतल्या मोठ्या वळणावर समोरून बस आली म्हणून सिएनीला थांबावं लागलं, आणि मग गाडी काही केल्या वर जाईना. सिएनी सोडून सगळे उतरले. तुआलाही उतरले, हातात काठी घेऊन. ही काठी साधी नव्हे. सभेत उभं राहून गावाच्या वतीनं बोलणाऱ्या वक्त्याची, पुरुषभर उंच. ते ती दवाखान्यातही नेतात, कारण बोलायचं तिथंही असतंच. तर परगावच्या बसभर लोकांनी आमच्या वक्त्याला स्वतःच्याच गाडीमागे चालत जाताना पाहिलं.

त्याच दिवशी आपियातल्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगून टाकलं, गिअरबॉक्स बदला. ते परवडणारं नव्हतं. मग थोरल्या मुलानं आणि त्याच्या बायकोनं, मकेरितानं, ठरवलं की सोमवारपासून बाबांनी शहरात आपल्याकडेच राहायचं, कायमचं. मकेरितानं मागची खोली रिकामी केली, पडदे शिवायला घेतले. बाई वाईट नाही. पण तिच्या घरात दिवसभर टीव्ही बोलतो आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. शहरात तुआला म्हणजे मागच्या खोलीतले आजोबा. इथं ते नुसते उठून उभे राहिले तरी अख्खी सभा गप्प होते.

शुक्रवारी ते काड्यापेटी घ्यायला आले आणि म्हणाले, "लोसा, त्या खोलीत काठी ठेवायला कोपरा आहे म्हणे."

एवढंच बोलून गेले. इतकं आखूड वाक्य मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. मी लगेच पेनीला फोन लावला.

पेनी माझा चुलतभाऊ. न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला एका गॅरेजात नऊ वर्षं काढून आलाय आणि आता सवाईई बेटावर गाड्या दुरुस्त करतो. शनिवारी दुपारच्या बोटीनं तो आला. आधी माझ्याकडची पालुसामी, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं, संपवली, मग सिएनीला म्हणाला, पुलापर्यंत चार फेऱ्या मार, तेल तापू दे. थंड गाडीचं तेल बघणं म्हणजे झोपलेल्या माणसाला ख्यालीखुशाली विचारणं, असं त्याचं म्हणणं.

गाडी तापल्यावर इंजिन चालूच ठेवून त्यानं गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी उपसली. पुसली, बुडवली, पुन्हा उपसली आणि माझ्या पांढऱ्या पुडीच्या कागदावर एक थेंब पाडला. लाल, स्वच्छ. हुंगला. जळका वास नाही. बोटांनी चोळला. काळा चुरा नाही.

"गिअरबॉक्स घसरत असता तर इंजिन बोंबललं असतं आणि गाडी जागेवर राहिली असती," तो म्हणाला. "ही बोंबलत नाही, कुंथते. पहिल्या गिअरचं काम कुणीतरी दुसऱ्याला करायला लावलंय."

मग तो स्वतः बसला. नेहमीच्या गिअरमध्ये गाडी कशीबशी हलली. त्यानं गिअरची दांडी एकदम खालच्या खुणेवर ओढली आणि पाय दाबला, तर गाडीनं अशी उडी घेतली की माझ्या कोंबड्या चर्चच्या कुंपणापर्यंत गेल्या. सिएनीनं तोंडावर हात ठेवला. पहिला गिअर जिवंत होता. फक्त गाडी आपण होऊन त्याला हात लावत नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं, असं पेनीनं विचारलं. काहीच नाही, असं सिएनी म्हणाली. हेच उत्तर मला रोज सगळ्यांकडून मिळतं, उधारीपासून सुनेच्या रागापर्यंत. पेनी पुढे वाकला. डॅशबोर्डकडे बघत राहिला.

"हे फूल कधीपासून आहे?"

काट्यांच्या शेजारी एक बारीक हिरवा दिवा होता, सहा पाकळ्यांचा.

"तेव्हापासूनच," सिएनी म्हणाली. "छान आहे ना? आधी लागत नव्हतं. मी म्हटलं, गाडी धुतली म्हणून उमटलं असेल."

पेनीनं कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, रडतोय.

"ताई, हे फूल नाही. बर्फ आहे बर्फ. तिकडं रस्ता बर्फानं निसरडा झाला की हे लावतात. मग गाडी पहिला गिअर सोडून दुसऱ्यावर हळूच निघते, चाकं फिरू नयेत म्हणून. तुझी गाडी तीन आठवडे बर्फातून चाललीय."

दांडीच्या बाजूलाच एक बटण होतं, वरची खूण झिजून गेलेलं. त्यानं त्याची वर आलेली बाजू दाबली आणि फूल विझलं. गाडी नेहमीच्या गिअरमध्ये टाकली, तर ती जुन्या दिवसांसारखी सरळ निघाली. सिएनी चुलीवरचं काही उतरवायचं राहिल्यासारखी घाईघाईनं घराकडे पळाली. आली ती सासऱ्यांना घेऊनच.

खिंडीत जाऊन यायचं ठरलं, संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजायच्या आत. तुआला पुढच्या सीटवर बसले. पायाला सूज येते म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मागची जागा सोडली होती. त्यांनी काठीचं खालचं टोक नेहमीप्रमाणे गिअरच्या दांडीजवळ टेकवलं, वरचं खिडकीबाहेर काढलं आणि तिच्यावर भार टाकला.

टक्.

फूल पुन्हा उमललं.

ते मी पाहिलं, सिएनीनं पाहिलं, पेनीनं पाहिलं. आमच्यात सभेच्या वक्त्याला तुझं चुकलं असं म्हणत नाहीत, आणि त्याच्या काठीला तर नाहीच. सिएनी एकदम माझ्या दुकानाची पाटी वाचायला लागली. पेनीनं घसा साफ केला.

"तुआला, हे बटण फार चुकीच्या जागी आहे. बनवणाऱ्याला काठीचा मान असलेली माणसं माहीत नसणार."

तुआलांनी काठीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं, मग त्या हिरव्या दिव्याकडे.

"म्हणजे मी लोतोफागात तीन आठवडे बर्फ पाडत होतो," ते म्हणाले. "माझ्या आजोबांना नुसता पाऊस पाडता येत होता."

मग आम्हाला हसायला परवानगी मिळाली. सिएनी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं, आणि बसल्यावर ती थोडी रडलीही. पेनीनं माझ्याकडून अर्धी करवंटी मागून घेतली, कानशीनं घासली आणि बटणावर पालथी चिकटवून टाकली.

मीही दुकान बंद करून त्यांच्यासोबत गेले. अशा वेळी साक्षीदार हवा. मोठ्या वळणावर सिएनीनं मुद्दाम गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मग तिनं ब्रेक सोडला, आणि गाडी चढ चढली, तीन माणसं, एक काठी आणि पोटात सगळी पालुसामी घेतलेला पेनी यांच्यासकट, कुणालाही न उतरवता.

परत येताना तुआलांनी वाटेतल्या प्रत्येक घराबद्दल बोलून घेतलं. वाक्यं पुन्हा लांबलचक झाली होती. मी एकही तोडलं नाही.

रविवारी सिएनीनं मकेरिताला फोन करून सांगितलं, खोली राहू दे. पडद्यांसाठी आणलेल्या कापडाचे दोनच दिवसांत उशांचे अभ्रे झाले, यावरून सुटकेचा निःश्वास कुणाचा मोठा होता ते तुम्हीच ठरवा.

बसवाला आता म्हणतो की गिअरबॉक्स कधीतरी जाणारच. ते बारावं मत मी धरलेलं नाही.

तुआलांची मात्र खात्री झालीय की ती जपानी बाई तीन आठवडे त्यांना तेच सांगत होती. आता गाडी सुरू होऊन ती बोलायला लागली की ते आधी काठी उचलून मांडीवर आडवी घेतात, आणि मग नमस्कार करतात.