डाव्या हाताची प्रगती

दुपारचं जेवण ताटात तसंच राहिलं होतं आणि भाविका पोरीपुढे पाटी आपटत होती. "लिव. तुझं नाव लिव." अमिषा, वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी, पाटीकडे न बघता आईच्या तोंडाकडे बघत होती. दीड वर्ष बंद असलेली शाळा परवा उघडणार होती. त्याआधी हेमालीमॅडम घरोघर फिरून मुलांचं लिहिणं-वाचणं बघणार, आज संध्याकाळी आगरी आळीत येणार, असा निरोप सकाळीच फोनवर आला होता. आणि पहिलीत गिरवलेलं सगळं विसरलेल्या अमिषाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं.

आता आळीत कुणाच्या पोराला येत होतं म्हणा! पण बाकीच्या पोरांना शाळेच्या ग्रुपवर रोज शाबासकी मिळत नव्हती. अमिषाला मिळत होती.

त्याचं असं झालं. कोरोनानं शाळेला कुलूप लागलं, त्याच पावसाळ्याच्या तोंडावर चक्रीवादळानं घरावरचे पत्रे नेले, आणि वीज परत आली तेव्हा शाळा फोनात शिरलेली होती. सकाळी मॅडम अभ्यास पाठवणार, पोरानं तो पाटीवर लिहायचा, संध्याकाळपर्यंत पाटीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. सांगायला सोपं. भाविकाचा नवरा धनेश कंटेनर घेऊन कायम रस्त्यावर. त्याचा जुना फोन घरी आला एवढीच त्याची मदत. भाविका शेतावरून यायची ती कंबर धरून. सुरुवातीला बसली ती पोरीला घेऊन, नाही असं नाही. पोर रडायची, हिचा हात उठायचा, आतून सासू ओरडायची, "मारतंस कनाला गं पोरीला?" एका संध्याकाळी सगळ्यांचाच जीव मेटाकुटीला आला तेव्हा भाविकानं खडू घेतला आणि स्वतःच अभ्यास लिहून काढला. अक्षर फार वळणदार दिसायला लागलं, म्हणून पुसलं आणि डाव्या हातानं लिहिलं. कोंबडीचे पाय उमटावेत तशी अक्षरं आली. फोटो गेला. उत्तर आलं, ‘छान! रोज सराव कर.’ खाली एक चांदणी.

ही लबाडी, असं कुणी म्हणेल. होतीच लबाडी. पण सातवीत शाळा सुटल्यापासून भाविकाला कुणी ‘छान’ म्हटलं नव्हतं. भाकरी छान झाली तर माणसं खातात आणि उठून जातात. उद्यापासून पोरीला बसवीन, असं ती रोज ठरवायची आणि रोज संध्याकाळी खडू डाव्या हातात घ्यायची. तो हात सुधारत गेला. हातच्याच्या बेरजा आल्या, जोडाक्षरं आली. ‘अमिषाची प्रगती कौतुकास्पद,’ असं मॅडमनी लिहिलं. भाविकानं ते धनेशला फोनवर वाचून दाखवलं आणि तो गाडी बाजूला घेऊन आनंदानं हसला. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. तिची जीभ रेटली नाही.

"मना न्हाय येत, आये," अमिषा म्हणाली.

"कशी न्हाय येत? धर." भाविकानं पोरीची मूठ आपल्या मुठीत घेतली आणि पाटीवरून ओढली. मूठ सोडली की खडू थांबायचा. पुन्हा ओढली, पुन्हा थांबला. शेवटी तिनं एक धपाटा घातला. पोर रडलीसुद्धा नाही, फ्रॉकच्या टोकानं पाटी पुसून पुन्हा पुढे करून बसली. तरी भाविकानं गिरवून घेणं चालूच ठेवलं, आणि उन्हं उतरेपर्यंत ती तीन अक्षरं कशीबशी उमटायला लागली.

मॅडम आल्या. ओट्यावर चपला काढल्या, पाणी प्यायल्या, अमिषाच्या गालावरून हात फिरवला. "किती उंच झालीस गं! नाव लिहून दाखव बघू."

अमिषानं खडू घेतला. अर्धा ‘अ’ काढला आणि अडली. तिनं एकदा मॅडमकडे बघितलं, मग रोजच्यासारखी उठली, पाटी आईच्या मांडीवर ठेवली आणि खडू तिच्या डाव्या हातात दिला.

"तू लिव ना. मॅडम थांबल्यान."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं भाविकाला झालं. "मॅडम, चुकलं माझं," ती म्हणाली. "सगलं मीच लिवलं."

हेमालीमॅडमनी मान वर केली नाही. "मला माहीत होतं."

"कदीपासून?"

"गेल्या दिवाळीच्या आधीपासून. ‘माझी आई’वर पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. ‘माझी आई मला खाऊ देते’, असं सगळ्यांनी लिहिलं. तुमच्या पाटीवर शेवटची ओळ होती, ‘माझी आई दिवसभर सगळ्यांचं ऐकते, तिचं कोणी ऐकत नाही.’ सात वर्षांची पोर असं लिहीत नाही, भाविकाताई."

भाविकाला ती ओळ आठवली. त्या दिवशी तीन चांदण्या आल्या होत्या.

"मग गप का बसलाव?" तिचा आवाज चढला. "येक शबुद बोलला असता मना! माझी पोर कोरी र्‍हायली, मॅडम!"

"किती मुलं अभ्यास पाठवतात, असं वरून रोज विचारायचे. ग्रुपवर नुसते अंगठे यायचे. तुमचा एकच फोटो रोज यायचा, तेवढाच दाखवायला होता माझ्याकडे. आणि मी त्याची वाटही बघायचे. कुणीतरी शिकतंय, असं वाटायचं."

भाविकाला त्या बाईच्या अंगावर धावून जावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडानं जाणार? एकीनं झाकलं, दुसरीनं वरून पांघरूण घातलं आणि मधल्यामधे पोर उघडी पडली.

"आता येल का तिला?" तिनं विचारलं.

"परवापासून पाठवा. मी पहिलीपासून घेते. संध्याकाळी तुम्ही तिच्याजवळ नुसत्या बसा, खडू तिच्याच हातात राहू दे. फोटो नको." मग मॅडम हळूच म्हणाल्या, "येईल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. तिसरीचं पुस्तकही शिकवायचंय. आणि सगळा वर्गच असा आहे."

अमिषा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. मॅडम रागावल्यात आणि आईची धडगत नाही, एवढंच तिला कळत होतं. ती पुढे झाली आणि तिनं मॅडमचा पदर धरला.

"मॅडम, मना नापास करा. आयेला पास करा. ती रोज अभ्यास करते."

भाविका पोरीला ओढून पोटाशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. शेजारच्या बाया ओट्यावर येऊन बघायला लागल्या, तरी तिला थांबता येईना.