लाल फुलीची खोकी

ते साल एकोणीसशे सत्त्याऐंशीचं. गल्लीच्या तोंडाशी मोठं दुकान आलं तेव्हा शेजाऱ्यांनी नाकं मुरडली होती. म्हणून पहिल्या साहेबांनी एक पद्धत घालून दिली: वाहतुकीत पोचे आलेले, पण आतून चांगले डबे दर गुरुवारी मागच्या पाळणाघराला द्यायचे. गोदामातली मावशी त्या खोक्यांवर लाल खडूने फुली मारायची. पाळणाघरात तिची चार वर्षांची नातही होती.

एका गुरुवारी, बाराच्या सुमाराला, नवे साहेब गोदामात आले.

“मावशी, ते फुगलेले वाटाण्याचे डबे पुरायला गेले ना? काल मीच टाकाऊ म्हणून लाल फुली मारून ठेवली होती.”

फुली दिसली की मावशी खोकं उघडत नसे. आपलीच खूण, तिला काय तपासायचं? “साहेब, ती खोकी सकाळीच पाळणाघरात गेली.”

पाळणाघरात फोन नव्हता. मावशी अनवाणीच धावली. पोरगी वाटाणे वेचून वेचून खाते, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

“अक्का, वाढू नकोस!”

स्वयंपाकघरातली अक्का दचकली. “अगं, पहिली पंगत उठलीसुद्धा. नऊ पोरं जेवली. तुझ्या नातीने तर दोनदा मागून घेतलं.”

“डबे फुगलेले दिसले नाहीत तुला?”

“दिसले की. नेहमी आत दबलेले असतात, आज बाहेर आलेले. म्हटलं, मोठ्या दुकानाची मोठी तऱ्हा!”

तोवर साहेब दुकानाचं शटर ओढून माल वाहायची गाडी घेऊन आले. नऊ पोरं गाडीत घातली, थेट इस्पितळात.

डॉक्टर म्हणाले, “फुगलेल्या डब्यातलं हे विष उशिरा चढतं. दोन दिवस पापण्यांवर लक्ष ठेवा. पापणी जड झाली तर लगेच हाक मारा.”

आयाबाप तावातावाने आले. साहेबांनी हात जोडले. “चूक आमच्या दुकानाची.” मावशी म्हणाली, “खोकी मी पाठवली.” तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दुपारी नातीची पापणी खाली आली. मावशीने किंकाळी फोडली, तिला गदागदा हलवलं.

“आजी, झोपू दे ना गं!” पोरगी वैतागली.

नऊच्या नऊ पोरं वाचली. अक्काने वाटाणे पाऊण तास रटरट उकळले होते, त्याने निभावलं असावं, असं डॉक्टरांचं मत पडलं.

साहेबांची बढती हुकली. पण बदली होण्याआधी त्यांनी नियम केला: पाळणाघराला टाकाऊ काही द्यायचं नाही, गिऱ्हाईक नेतं तोच फळीवरचा माल द्यायचा. दुकान आजही तो पाळतं. अक्का पुढे दहा वर्षं पोरांना वाढत राहिली आणि झोपेतच गेली. मावशी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक खोकं उघडून पाही. हाताखालची माणसं हसत, ती हसू देई. नातीला त्यातलं काही आठवत नाही. तिची दोन्ही मुलं त्याच पाळणाघरात वाढली.