नावाच्या जागी

मालीतल्या सेगूत मुलाचं नाव इमाम कानात सांगतो, पण ते बसतं भाटिणीच्या गाण्यानं. पिढ्यांची माळ ओवत ती शेवटी नाव उठवते. मग ते तिच्याखेरीज कुणालाच पुसता येत नाही.

न्यागालेचा जन्म ती माळ ओवण्यातच सरला होता. यंदा सेदूच्या घरी बारसं होतं, पण तिथून कोलाची फळं आली नाहीत. फळं नाहीत म्हणजे बोलावणं नाही. तरी ती गेली. गाणं गेलं तर आपलं उरलं काय, हा एकच विचार तिला ओढत होता.

"आली का चवळीखाऊ!" सेदूनं दारातच दोन कुळांतली नेहमीची थट्टा केली. "बस मावशी, बाजरीची पेज पी. घशाला कशाला त्रास? तुझा गळा माझ्या खिशात आहे."

त्यानं फोन भोंग्याला जोडला. त्याच्या वहिनीच्या पहिल्या मुलाच्या बारशाचं न्यागालेचंच गाणं अंगणभर पसरलं. पणजे तेच, आजे तेच. सेदूला वाटलं, झालं काम. शेवटी नाव येतं, हे तो विसरला.

"लासिना!" भोंगा गरजला.

लासिना तापाच्या साथीत मातीआड झाला होता. त्याची आई तेनिन किंचाळली. मांडीवरच्या तान्ह्याचे कान तिनं दोन्ही हातांनी झाकले. "मेलेल्याचं नाव बसलं ग माझ्या बाळाला! मावशी, पुसून टाक ग!"

न्यागालेच्या मनात आलं, गप्प राहावं. भोगा म्हणावं. पण दुपट्यातून बाळाची मूठ बाहेर आली, कणसासारखी कोवळी. तिनं डोळे मिटले नि गळा उघडला.

भाऊ गेला ती वाट सोड, बाळा,
नदीकाठानं ये, पाणी गोड, बाळा,
बुरामा तुझं नाव, बुरामा…

अशी ती कधी गायली नव्हती. बायका रडल्या, इमामांनी डोळे टिपले, तेनिननं तिचे पाय धरले. न्यागालेला वाटलं, मिळालं, आपलं होतं ते परत मिळालं.

डोळे उघडले तर तोंडासमोर सेदूचा फोन.

"झकास, मावशी! आता एकदा असंच, पण नावाच्या जागी गप्प राहा. पुढच्या वेळी आमचं आम्ही भरू."

तिनं तेनिनकडे पाहिलं.

"म्हण ना ग," तेनिन काकुळतीनं म्हणाली. "पुन्हा असं कुणाचं व्हायला नको."

न्यागाले गायली. नाव आलं तिथं थांबली. त्या थांबण्यात बाळ तेवढं रडलं.

"गप्प करा ग त्याला," सेदू म्हणाला. "पुन्हा घ्यावं लागेल."